चेहरा पाहिला, माणूस विचारला का?

या पानावर एरवी आपण बियाणे, खताच्या मात्रा, रोग-किडी आणि बाजारभाव यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा घेतला आहे. विषय चित्रांचा आहे, पण चित्रांतली माणसे शेतकरीच आहेत. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये, म्हणजे नेदरलँड्स देशात, एका चित्रकाराने ओळखपाळख नसलेल्या शेतकऱ्यांना समोर बसवून त्यांचे चेहरे रंगवले. त्यांच्या जगण्याची एक गोष्ट मनाशी बांधली आणि ती जगापुढे मांडली. त्या गोष्टीत खरे किती होते, रचलेले किती होते आणि त्या शेतकऱ्यांच्या पदरात काय पडले, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, आपला आणि याचा संबंध काय? संबंध आहे. अनोळखी माणसाचा चेहरा बघून त्याची गोष्ट रचायचे काम आपण सगळेच रोज करतो. एसटीत समोर कुणी बसले की मनात सुरू होते, “बागायतदार दिसतोय गडी.” बाजारात कुणी घासाघीस न करता माल दिला की वाटते, “याला पैशाची नड आहे.” वेळ घालवायला हे ठीक आहे. पण हीच सवय पंचनाम्याला, लाभार्थी निवडताना किंवा कार्यालयातल्या टेबलापलीकडून वापरली, तर एखाद्या कुटुंबाचे वर्ष वाया जाऊ शकते.

हलक्या जमिनीचे गाव

नेदरलँड्सच्या दक्षिण भागात ब्राबांट प्रांत आहे. त्यातले न्यूनेन हे खेडे. जमीन रेताड आणि हलकी. शेतकरी बहुतेक लहान. शेतीवर भागत नाही म्हणून गावात अनेक घरांत हातमाग चालत. त्यातच १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतले स्वस्त धान्य जहाजांनी युरोपात येऊ लागले आणि तिथल्या शेतमालाचे भाव पडले. आयात झाली की भाव पडतो, ही आपली आजची तक्रार तेव्हा त्यांचीही होती.

या गावात डिसेंबर १८८३ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग नावाचा तीस वर्षांचा माणूस आपल्या आई-वडिलांकडे राहायला आला. वडील धर्मोपदेशक. मुलाने चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी केली, शाळेत शिकवले, पुस्तकाच्या दुकानात काम केले, बेल्जियममध्ये कोळसा खाणीच्या भागात धर्मप्रचार केला. कुठेच बस्तान बसले नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८८० साली, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. धाकटा भाऊ थिओ पॅरिसमध्ये चित्रांच्या व्यापारी पेढीत नोकरीला होता. तो पैसे पाठवायचा, त्यावर याचे चालायचे. आज व्हॅन गॉगचे नाव जगभर आहे. न्यूनेनच्या लोकांना मात्र तो रंगाने बरबटलेले कपडे घालून शिवारात हिंडणारा, लग्न न झालेला, कमाई नसलेला उपदेशकाचा मुलगा दिसत होता. गाव बहुतेक कॅथलिक पंथाचे आणि हा प्रोटेस्टंट घरातला. म्हणजे भावकी नाही, सोयरीक नाही, पंथही वेगळा. गावाला तो परका, त्याला गाव परके.

एका हिवाळ्यातले चाळीस चेहरे

१८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे चेहरे रंगवायला घेतले. पन्नास करायचे असा त्याचा बेत होता. सुमारे चाळीस झाले. हिवाळ्याचे गणित तुमच्या लगेच लक्षात येईल. बाहेर थंडी, शेतातली कामे कमी. पेरणीच्या दिवसांत कोण समोर बसून राहणार? बसण्याबद्दल तो पैसे द्यायचा. भावाने पाठवलेल्या रकमेतला बराच भाग या मजुरीवर जायचा. बसणाऱ्याला हिवाळ्यात चार पैसे मिळत, याला चेहरा मिळे. व्यवहार सरळ होता.

ही चित्रे गडद आहेत. घरात उजेड कमी, कपडे काळपट, मागची भिंतही काळपट. चेहऱ्यांचा रंग आपण कसा धरला हे सांगताना त्याने स्वतःच धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा दाखला दिला होता. बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या किंवा काळ्या टोप्या, गालफडे वर आलेली, ओठ जाड, नजर कुठे समोर तर कुठे खाली.

यातल्या एका बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. पांढरी टोपी, उन्हा-वाऱ्याने रापलेली कातडी, मिटलेले तोंड. आपण लगेच गोष्ट रचायला लागतो. नवरा गेला असेल. पोराने विचारले नसेल. सावकाराचे देणे असेल. रचून झाले की वाटते, आपल्याला ही बाई कळली. प्रत्यक्षात यातली एकही गोष्ट आपल्याला माहीत नाही. कदाचित ती त्या दिवशी बसून कंटाळली होती, एवढेच. किंवा चुलीवरचे करपेल या काळजीत होती. संग्रहालयात अशा बहुतेक चित्रांखाली “पांढऱ्या टोपीतील स्त्री”, “शेतकरी स्त्रीचे डोके” अशी नावे आहेत. टोपीची नोंद झाली, बाईची झाली नाही.

बटाटे खाणारी माणसे

या चेहऱ्यांच्या तयारीतून एप्रिल-मे १८८५ मध्ये त्याचे मोठे चित्र तयार झाले, ‘बटाटे खाणारे’. ते आज अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. साधारण पावणेचार फूट रुंद आणि पावणेतीन फूट उंच. न्यूनेनमधल्या द ग्रूट कुटुंबाच्या घरी तो संध्याकाळी जाऊन बसायचा. तिथे जे पाहिले ते त्यात आहे.

छताला टांगलेला तेलाचा दिवा. त्याखाली टेबलाभोवती पाच जण. मधोमध उकडलेल्या बटाट्यांचे ताट, त्यातून वाफ येते आहे. सगळे एकाच ताटातून घेताहेत. उजवीकडची म्हातारी कपांत काळी कॉफी ओतते आहे. एक मुलगी आपल्याकडे पाठ करून उभी आहे. भिंतीवर घड्याळ आणि देवाची तसबीर. डावीकडून दुसरी बसलेली बाई म्हणजे गोर्डिना द ग्रूट. तेव्हा तिचे वय तिशीच्या आसपास. तिचा चेहरा त्याने वेगवेगळ्या चित्रांत अनेकदा रंगवला आहे.

चित्रातले हात पाहण्यासारखे आहेत. सांधे सुजलेले, बोटे वाकडी. खुरपे, कुदळ आणि विळा वर्षानुवर्षे धरला की हात असेच होतात. व्हॅन गॉगने भावाला पत्रात कळवले होते की, जे हात ताटात जाताहेत त्याच हातांनी जमीन खणली आहे, या लोकांनी आपले अन्न कष्टाने मिळवले आहे, हे मला दाखवायचे आहे. शेतकऱ्याच्या चित्राला धुराचा, बटाट्याच्या वाफेचा वास आला तर बिघडत नाही, गोठ्याला शेणाचा आणि शेताला खताचा वास असतोच, असेही त्याचे म्हणणे होते. शेणखताचा मान राखणारा चित्रकार विरळाच.

आता पिकाच्या अंगाने दोन शब्द. सातगाव पठारावरचे किंवा पुसेगावकडचे बटाटा उत्पादक हे चित्र पाहतील तर त्यांना ताटापेक्षा त्यामागचा धोका आधी दिसेल. १८४५ पासून पुढची काही वर्षे बटाट्यावरच्या उशिराच्या करप्याने आयर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स या देशांत पिके सडली होती. एकट्या आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने गेली. चित्रातल्या म्हातारीच्या पिढीने तो काळ पाहिला होता. आणि योगायोग असा की, हे चित्र झाले त्याच १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. द्राक्षावरच्या केवड्यासाठी निघालेले हे औषध पुढे बटाट्याच्या करप्यावरही उपयोगी पडले. पण चित्रातल्या घरात तेव्हा ते पोहोचलेले नव्हते. त्या ताटामागची ही जोखीम रंगात दिसत नाही. ती विचारल्याशिवाय कळत नाही.

खरे किती, रचलेले किती

एवढे वाचून वाटेल की, चित्रकाराने शेतकऱ्याला अगदी बरोबर ओळखले. दुसरी बाजूही पाहू.

पहिली गोष्ट, त्याने चेहरे निवडून घेतले. गावात सगळ्या प्रकारचे चेहरे असणारच. त्याला मात्र रांगडे, चपटे, बुटक्या कपाळाचे आणि जाड ओठांचे चेहरे हवे होते, आणि तसे त्याने लिहूनही ठेवले आहे. फ्रान्सचे चित्रकार मिले हे त्याचे आदर्श. मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, आणि त्यांची शेतातल्या कष्टकऱ्यांची चित्रे तेव्हा गाजलेली होती. तशी माणसे व्हॅन गॉग न्यूनेनमध्ये शोधत होता. म्हणजे गोष्ट आधी ठरली होती, चेहरे नंतर शोधले.

दुसरी गोष्ट कपड्यांची. शेतकरी रविवारी चर्चला कोट घालून जातो त्यापेक्षा शेतातल्या जाड्याभरड्या कपड्यांतच तो शोभतो, आणि धुळीच्या, ठिगळाच्या निळ्या घागऱ्यातली पोरगी शहरी बाईपेक्षा सुंदर दिसते, असे त्याचे मत होते. यातला आदर खरा आहे. पण यातूनच कळते की, त्या शेतकऱ्यांकडे रविवारचा कोट होता! तो त्यांनी चित्रात घातला असता का? विचारले असते तर बहुधा हो म्हणाले असते.

आपल्याकडे काय होते ते आठवा. फोटोवाला बांधावर आला की आपला म्हातारा म्हणतो, “थांब, धुतलेला सदरा घालून येतो, फेटा बांधतो.” आणि फोटोवाला म्हणतो, “नको आजोबा, असंच राहू द्या, हे कपाळाला हात लावून वर बघा जरा.” दुसऱ्या दिवशी पेपरात भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे बघणारा म्हातारा छापून येतो. त्याच माणसाने शेततळे केलेले असते, नात कॉलेजात असते, दोन म्हशींचे दूध डेअरीला जात असते. ते फोटोत मावत नाही. दुष्काळ खरा असतो, म्हातारा खरा असतो, कपाळावरचा हात मात्र सांगून ठेवलेला असतो.

तिसरी गोष्ट, चित्राच्या अचूकपणाची. व्हॅन गॉगचा मित्र व्हॅन रॅपार्ड यानेच मे १८८५ मध्ये या चित्राच्या छापील प्रतीवर कडक पत्र लिहिले. म्हातारीचा हात आणि कॉफीची किटली यांचा मेळ नाही, माणसाला गुडघा नाही, पोट नाही, हात आखूड, नाके भलतीच, असा त्याचा आक्षेप. व्हॅन गॉग भडकला, पत्र परत पाठवून दिले आणि ती मैत्री पुढे टिकली नाही. मापे बरोबर असण्यापेक्षा खणणारा माणूस खरोखर खणताना दिसला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

मग आपण काय घ्यायचे? जिथे तो घरात जाऊन बसला, दिवा-ताट-हात डोळ्यांनी पाहिले, तिथे चित्र पक्के आहे. जिथे त्याने आधीच ठरवलेला शेतकरी त्या चेहऱ्यांवर बसवला, तिथे ती गोष्ट त्याची स्वतःची आहे. बघणे आणि ठरवणे यांतला हा फरक आहे.

चेहरा देणाऱ्याला काय मिळाले?

ही बाजू सहसा सांगितली जात नाही. १८८५ च्या उन्हाळ्यात गावात कुजबूज सुरू झाली. गोर्डिनाचे लग्न झालेले नव्हते आणि तिला दिवस गेले होते. चित्रकार तिच्या घरी जातो-येतो, तेव्हा बोट त्याच्याकडे गेले. त्याने हे साफ नाकारले. तरीही कॅथलिक धर्मगुरूने लोकांना त्याच्यासमोर चित्रासाठी बसू नका असे बजावले. न बसणाऱ्यांना पैसे देण्याचेही धर्मगुरूने कबूल केल्याचे व्हॅन गॉगने पत्रात म्हटले आहे. त्या सप्टेंबरात समोर बसायला माणूस मिळेना. तेव्हा त्याने काय रंगवले? टोपलीतले बटाटे आणि पक्ष्यांची घरटी! माणसे गेली आणि बटाटे उरले. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्याने गाव सोडले, ते कायमचे.

मागे राहिलेली बरीच चित्रे पेट्यांत पडून होती आणि पुढे त्यांतली कित्येक भंगार-जुनेपुराणे घेणाऱ्याच्या हाती गेली. चित्रकार २९ जुलै १८९० रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारला. त्याआधी १८८७ साली पॅरिसहून बहिणीला लिहिताना, आपण केलेल्या कामात न्यूनेनचे बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचे चित्रच सर्वांत चांगले, असे त्याने म्हटले होते.

त्याची आठशेहून अधिक पत्रे आज जपलेली आहेत. त्याला काय वाटले, रंग कोणता लावला, पैसे किती लागले, सगळे आपल्याला कळते. गोर्डिनाचे काय? गाव तिच्याबद्दल बोलत होते, धर्मगुरू बोलत होता, चित्रकार लिहीत होता. तिचे स्वतःचे म्हणणे मात्र आपल्याला फारसे कळत नाही. तिचा चेहरा जग बघते. त्यामागची हकिगत तिच्याबरोबर गेली.

आपल्या गावात

आता गावकारभारी मंडळींसाठी. सरपंच, ग्रामपंचायतीचे आणि तलाठी कार्यालयाचे भाऊसाहेब, आमच्या खात्यातले सहकारी, सगळ्यांनाच हे लागू आहे. आपल्यासमोर रोज अनोळखी चेहरे येतात. वेळ कमी असतो, यादी मोठी असते. मग चेहऱ्यावरून अंदाज बांधला जातो. चांगला शर्ट घालून आला म्हणून त्याचे नुकसान कमी धरायचे, फाटका आला म्हणून कीव करायची, पण वाण, पेरणीची तारीख आणि विम्याची पावती दोघांनाही विचारायची नाही, असे होऊ नये. पीक पाहणीला आपण पानाच्या वरच्या बाजूवर थांबत नाही, पान उलटून पाहतो, झाड उपटून मुळी पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र वरच्यावर भागवतो.

बायकांबाबत हे जास्त घडते. लावणी, खुरपणी, वेचणी, दावणीची जनावरे, सगळीकडे बाई दिसते. सातबारा उघडला की ती दिसत नाही. महाराष्ट्र शासनाने १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीने बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोय केली. तीस वर्षांहून अधिक काळ झाला. आपल्या घरात ते नाव लागले आहे का, एवढे आज संध्याकाळी पाहा. नसेल तर अर्ज करा. तिकडे चित्राखाली “शेतकरी स्त्री” एवढेच राहिले. आपल्या उताऱ्यावर तेवढेही नाही.

करून पाहा: गावाची चेहरेवही

शाळेचे गुरुजी, बाई आणि ग्रामपंचायत यांनी मिळून करता येईल असा एक साधा उपक्रम सुचवतो. खर्च एका चित्रकलेच्या वहीचा.

१. वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने गावातल्या, पण आपल्या घरातल्या-भावकीतल्या नसलेल्या एका वयस्कर शेतकरी बाईचा किंवा पुरुषाचा चेहरा काढावा. आधी विचारून, वेळ ठरवून जावे. कपडे कोणते घालायचे हे बसणाऱ्याने ठरवावे.

२. चित्र झाल्यावर मुलाने डाव्या पानावर आपला अंदाज लिहावा. या माणसाचे आयुष्य कसे गेले असेल? मनाला येईल ते लिहू द्या. कल्पना करायला आडकाठी नको.

३. मग त्यांच्यापाशी बसून विचारावे. पूर्ण नाव काय? पहिल्यांदा औत कधी धरले, किंवा खुरपे कधी हातात घेतले? कोणते पीक साधले, कोणते बुडाले? १९७२ चा दुष्काळ आठवतो का, तेव्हा कुठे कामाला होता? जमिनीतले काय पोराबाळांना सांगावेसे वाटते? उत्तरे उजव्या पानावर, त्यांच्याच शब्दांत.

४. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. नको म्हणतील ते खोडावे. चित्र किंवा फोटो मोबाईलवरून कुणाला पाठवायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. गावात एका चेहऱ्यावरून किती कुजबूज उठते, हे न्यूनेनने दाखवले आहे.

५. २६ जानेवारीच्या किंवा १ मेच्या ग्रामसभेला वही मांडावी. दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवावीत.

मुलांचे अंदाज कुठे जुळले आणि कुठे साफ हुकले, हे पाहून मोठ्यांनाही गंमत वाटेल आणि थोडे शिकायलाही मिळेल. शिवाय जुनी वाणे, जुन्या विहिरी, पाण्याच्या वाटा आणि बांधांची माहिती लिहून राहील. ही माहिती देणारी पिढी आता थोडी उरली आहे. काम याच हंगामात, सुगी झाल्यावर, हाताला सवड असताना सुरू करा. चित्र वाकडेतिकडे आले तर चालेल. त्याखाली नाव मात्र पूर्ण आणि बिनचूक लिहा.